चौतीस इंचांचा गृहस्थ

माझ्या दोघा नातवंडांनो,

मी आयुष्यात पुष्कळ माणसं पाहिली. कॉलेजच्या परीक्षा विभागात एकतीस वर्षं काढली, तिथे तऱ्हेतऱ्हेचे प्राध्यापक पाहिले. सोसायटीच्या सभा पाहिल्या. तुमच्या आजोबांचे सगळे भाऊ पाहिले. पण इतका स्वाभिमानी, इतका शिस्तीचा आणि कुणी मदत केली की इतका संतापणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तो आमच्या ठाण्याच्या घरात चौदा महिने राहिला. आला तेव्हा दीड वर्षाचा होता, गेला तेव्हा पावणेतीन पूर्ण व्हायला महिना कमी होता. त्याची उंची चौतीस इंच. मीच मोजली होती, स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभं करून, आणि टाचा उचलल्याबद्दल त्याला दोनदा ताकीद द्यावी लागली होती.

हसू नकोस. हो, तो तूच. म्हणजे कागदोपत्री तूच, जन्मतारीख तुझीच आहे. पण तू आता तेरा वर्षांचा झालास, आणि त्या गृहस्थाची आणि तुझी ओळख नाही हे तूच मला कितीदा तरी सांगितलं आहेस. म्हणून मी त्याच्याविषयी ‘तो’ असंच लिहिणार आहे. आणि छोटे, तू तर त्याला पाहिलेलंच नाहीस. तुझा जन्म तिकडचा, परदेशातला. तुला वाटतं, आपला दादा पहिल्यापासून असाच लांबलचक होता आणि कानात काहीतरी घालूनच जन्माला आला.

हे आत्ताच का लिहायला घेतलं, तेही सांगते. मागच्या रविवारी मी तुम्हाला फोनवर गॅलरीच्या दाराची गोष्ट सांगत होते आणि म्हणाले, “मांजर आत येऊ नये म्हणून दार लावायचं.” तेव्हा तू मान वर न करता म्हणालास, “आजी, लास्ट टाइम कबुतर होतं.” कबुतरच होतं. आमच्या मजल्यावर मांजर कधी आलंच नाही. तुझं बरोबर होतं, पण तुलाही ते आठवत नव्हतं. तू ते माझ्याकडूनच ऐकलेलं होतंस. फोन ठेवल्यावर मी हिशेब केला. आजोबा गेल्या वर्षी गेले. तुमचे आईबाबा त्या वेळी आमच्याकडेच राहायचे, पण सकाळी सातला घर सोडायचे आणि रात्री आठला परत यायचे, त्यांना तो बहुतेक झोपलेलाच माहीत. तुला काही आठवत नाही. म्हणजे त्या गृहस्थाला जागेपणी ओळखणारी अशी मी एकटीच उरले, आणि मी आता कबुतराचं मांजर करायला लागले. उद्या मी आणखी काही बदललं तर चूक दाखवायलाही कुणी नाही. म्हणून जे आज खात्रीने आठवतं आहे ते आजच लिहून ठेवते. तुमची आई वाचून दाखवील. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं; माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, मला जड गेलं नसतं. पण त्याला इंग्रजी येत नव्हतं. एखाद्याविषयी त्याला न कळणाऱ्या भाषेत बोलणं बरं नाही. त्याला तर ते मुळीच चाललं नसतं.

त्याचं सगळं तत्त्वज्ञान दोन शब्दांत मावायचं: “माझं मी.” सकाळी डोळे उघडले की पहिलं वाक्य हेच, आणि ते पांघरुणाला उद्देशून असायचं. पांघरूण आम्ही काढायचं नाही, ते त्याने काढायचं. टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीतलं आपलं घर तुम्हाला माहीत आहे: तिसरा मजला, लिफ्ट नाही, चौपन्न पायऱ्या. या चौपन्न पायऱ्या तो स्वतः उतरायचा. एक पाय खाली, दुसरा त्याच्या शेजारी, मग थोडी विश्रांती, मग भिंतीवरच्या वीजमीटरची पाहणी. आमचे तीन मजले उतरून व्हायचे तेवढ्यात त्याचा एक व्हायचा. आणि मध्येच कुणी दोन पायऱ्या जरी त्याला उचललं, तरी तो सगळा प्रवास रद्द समजायचा आणि पुन्हा वर जाऊन पहिल्या पायरीपासून सुरुवात करायचा. एकदा माजिवड्याच्या डॉक्टरांकडे लस टोचायची होती, साडेदहाची वेळ मिळालेली, खाली रिक्षा उभी. आजोबांनी घाईघाईत शेवटच्या दहा पायऱ्या त्याला काखेत घेऊन उतरवलं. रिक्षात बसवेपर्यंत तो गप्प होता, आम्हाला वाटलं सुटलो. मग त्याने रिक्षावाल्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, “थांब. परत.” रिक्षावाला मागे वळून आजोबांना म्हणाला, “काय करू काका?” आजोबा म्हणाले, “काही नाही, जरा वर जाऊन येतो आम्ही.” रिक्षावाल्याने हसून इंजिन बंद केलं. “निवांत या. माझा पण एक असाच आहे घरी.” त्या दिवशी डॉक्टरांकडे आम्ही अकरा वाजून वीस मिनिटांनी पोचलो. लस मात्र त्याने स्वतः दंड पुढे करून टोचून घेतली, आणि पोटभर रडून झाल्यावर दंडावरचा कापूस स्वतःच कचऱ्याच्या डब्यात टाकला.

जेवण हा तर रोजचा तंटा. आजोबांचा जीव हळवा. आपल्या हाताने चार घास भरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि याला दुसऱ्याच्या हातचा घास म्हणजे अपमान. आजोबा साखरेसारखा आवाज काढून म्हणायचे, “हा चिऊचा घास... हा काऊचा घास...” तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि सांगायचा, “चिऊचा चिऊला दे. माझा मला.” मग तो पाचही बोटं वरणभातात घालायचा आणि जेवायचा. त्यातला निम्मा भात पोटात जायचा, बाकीचा केसांत, कानामागे, खुर्चीच्या पायाला. एकदा वाळलेलं शीत मला देवघरातल्या घंटेला चिकटलेलं सापडलं. ते तिथे कसं गेलं याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. मी पहिले दोन आठवडे मागे फडकं घेऊन फिरत होते. मग एके दिवशी त्याने माझ्या हातातलं फडकं घेतलं, जमिनीवर एकदा पुढे, एकदा मागे फिरवलं, तिथला भात होता त्याहून दुप्पट जागेत पसरवला आणि “झालं” म्हणून फडकं मला परत दिलं. परीक्षा विभागात असा शेरा मारून फाइल परत करणारे साहेब मी पाहिले होते. त्यांचा राग यायचा, याचा येत नसे.

कपड्यांचंही तेच. शर्टाचं एक बटण लावायला त्याला जितका वेळ लागे तेवढ्यात माझी भाजी चिरून, फोडणीला टाकून, शिजून व्हायची. जीभ बाहेर काढून, हनुवटी छातीला टेकवून तो त्या भोकाकडे बघत बसायचा. मदत करायची सोय नव्हती. नुसता हात पुढे गेलेला दिसला तरी तो पाठ वळवायचा. चपला हमखास उलट्या पायांत. मी त्या बदलून दिल्या की तो खाली बसायचा, काढायचा आणि पुन्हा उलट्याच घालायचा. त्यात निष्काळजीपणा नव्हता, त्याने तसं ठरवलेलं होतं. तुमचे आजोबा मला चिडवायचे. “दोन बायका एका घरात नांदतील एक वेळ, पण दोन हेडक्लार्क नाही. आणखी सहा महिने तुझ्या हाताखाली राहिला ना, तर मला जेवायला बसताना हॉल तिकीट मागेल.”

यात आजोबांचं म्हणणं तितकंसं चूक नव्हतं. घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी असली पाहिजे हा माझा नियम, तुम्हाला माहीतच आहे. हा नियम त्याला पहिल्या दिवसापासून पटला. फक्त जागा कोणती, हे तो ठरवायचा. टीव्हीचा रिमोट तांदळाच्या डब्यात. आजोबांचा चष्मा तूरडाळीत, अगदी नीट, काड्या मिटून. माझी पेनं बाथरूममधल्या बादलीमागे उभी केलेली. पहिल्यांदा आम्ही दिवस दिवस शोधायचो. नंतर कळलं, शोधायची गरजच नाही, त्याला विचारायचं. आजोबांनी “चष्मा?” म्हटलं की तो हातातलं काम सोडून उठायचा, थेट डाळीच्या डब्याकडे जायचा आणि चष्मा आणून द्यायचा. दोन महिन्यांपूर्वी ठेवलेली वस्तूसुद्धा. किल्ल्या, टाचणीची डबी, लाइटच्या बिलाची पावती, कधी चुकला नाही. त्या घरात आमच्या तिघांत सगळ्यांत उत्तम स्मरणशक्ती त्याची होती. त्याला सगळं आठवत होतं आणि तुला त्यातलं काही आठवत नाही, हे मला अजून नीट समजून घेता आलेलं नाही.

एक जरा लाजिरवाणी गोष्टही लिहायला हवी, नाहीतर चित्र खोटं होईल. लंगोट सुटून तो वेळेवर सांगायला लागला, तेव्हा मला इतका आनंद झाला की दर वेळी सांगितल्याबद्दल मी त्याला शाबासकी द्यायचे. “सांगितलंस ना? शहाणा!” त्याने त्याचा अर्थ असा लावला की हा विषय काढणं हे चांगल्या माणसाचं लक्षण आहे. मग तो पाहुण्यांची चौकशी करू लागला. आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी, साठीचे, कडक इस्त्रीचे, पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला आले होते. हा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि अत्यंत आस्थेने म्हणाला, “तुम्हाला शू आली?” सेक्रेटरी म्हणाले, “नाही बाळा.” हा म्हणाला, “आली की सांगा हं.” आणि ते जाईपर्यंत समोर बसून राहिला. टाकीचं काम पाच मिनिटांत उरकलं.

बाहेर जाताना त्याची एक अट होती. त्याने माझं बोट धरायचं. मी त्याचा हात धरायचा नाही. दोन्हींत फरक काय, असं तुम्हाला वाटेल. त्याच्या दृष्टीने सगळा फरक तिथेच होता. नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला केवढी गर्दी होते! रोषणाई, पाळणे, फुगेवाले, पाऊल ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत मी घाबरून त्याचं मनगट घट्ट पकडलं. तो जागच्या जागी थांबला. मागून लोक ढकलताहेत, एक बाई म्हणते, “आजी, चला की पुढे, रांग अडली!” आणि हा चौतीस इंचांचा गृहस्थ रस्त्याच्या मधोमध उभा राहून माझ्याकडे वर बघतो आहे. रडला नाही, ओरडला नाही. नुसतं म्हणाला, “सोड.” मी सोडलं. क्षणभर माझ्या हातात काहीच नव्हतं आणि भोवती एवढी माणसं. मग मी बोट पुढे केलं. त्याने ते नीट निरखून पाहिलं, मूठ वळवली आणि म्हणाला, “चल.” त्या मुठीची पकड माझ्या पकडीपेक्षा पक्की होती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता गॅलरीचं दार. हे सावकाश लिहिते, कारण यात चूक माझी होती, आणि इथेच मी परवा घसरले. स्वयंपाकघराला लागून कपडे वाळत घालायची गॅलरी आहे, जाळी लावलेली. तिच्या दाराला आतल्या बाजूने, अगदी खाली, एक बोल्ट आहे. त्या वर्षी कबुतरांनी उच्छाद मांडला होता. दार मिनिटभर उघडं राहिलं की कबुतर थेट ओट्यावर. म्हणून मी त्याला नियम घालून दिला: गॅलरीचं दार उघडं दिसलं की लगेच लावायचं. दुसरा नियम पुढच्या दाराचा: बेल वाजल्याशिवाय दार उघडायचं नाही, आणि “कोण आहे” विचारून उत्तर मिळाल्याशिवाय तर नाहीच. पुढच्या दाराची कडी त्याच्या डोक्याच्या हातभर वर होती, तरी नियम लवकर शिकवलेला बरा, असं माझं मत. दोन्ही नियम मी त्याच्याकडून चोख पाठ करून घेतले होते. एकतीस वर्षं मी परीक्षांची वेळापत्रकं लावली, एका मुलाचे दोन पेपर एका वेळेला कधी येऊ दिले नाहीत. पण हे दोन नियम एकमेकांवर येऊन आदळतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

बुधवार होता. आजोबा बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले होते. मी कुकर लावला, कपड्यांची बादली घेऊन गॅलरीत गेले आणि दार लोटायचं राहिलं. मागे दार लागल्याचा आवाज आला, आणि मग ‘खट्’. तो बोल्ट त्याला त्या दिवसापर्यंत कधी सरकला नव्हता. खरं सांगते, मला आधी अभिमान वाटला. आपण बाहेर अडकलो आहोत, हे नंतर लक्षात आलं.

गॅलरीत स्वयंपाकघराची खिडकी आहे. त्या खिडकीच्या गजांतून मी हाक मारली. “बाळा, दार उघड बघू.”

“बेल नाही वाजली.”

“अरे, मी आजी आहे. दिसते ना तुला मी?”

“हो.”

“मग उघड.”

“बेल नाही वाजली.”

मी इकडेतिकडे पाहिलं, समोरच्या इमारतीत कुणी नाही याची खात्री केली आणि गजांना तोंड लावून म्हणाले, “टिंगटाँग!” त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “बेल तिकडे आहे.” तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. गॅसला हात लावायचा नाही हा तिसरा नियम, आणि तो त्याने मोडू नये अशी मी देवाची प्रार्थना करत होते. तिसरी शिट्टी झाली. त्याने तीन बोटं वर केली. “आजी, तीन झाल्या. गॅस बंद कर.”

“कशी करू? मी बाहेर आहे ना!”

“आत ये.”

“दार उघड, मग येते.”

“बेल नाही वाजली.”

पाचवी शिट्टी होत होती आणि खरोखरच बेल वाजली. त्याने शर्ट खाली ओढून सारखा केला आणि पुढच्या दाराकडे गेला. बुधवारी आणि शुक्रवारी चेंदणी कोळीवाड्यातून मासे घेऊन येणारी काकी दारात होती. आपलं घर लहान, मला सगळं ऐकू येत होतं.

“कोण आहे?”

“मी हाय रं बाला, म्हावरंवाली काकी. आजी हाय का घरान?”

“आजी बाहेर आहे.”

“कदी येनार?”

“बेल वाजली की.”

मग मी लाजलज्जा सोडून गॅलरीतून ओरडले, “काकी, मी इथे गॅलरीत अडकले आहे! याने आतून बोल्ट लावलाय!” जिन्यात टोपली खाली ठेवल्याचा आवाज आला आणि त्यानंतर काकीचं हसणं. “आगो माझे आई! पोऱ्यानं तुलाच कोंडली?” हसून झाल्यावर मात्र ती कामाला लागली. दाराला तोंड लावून म्हणाली, “बाला, मी बेल वाजवली ना?”

“हो.”

“तू इचारलंस ना, कोन हाय?”

“हो.”

“मी सांगितलं ना?”

“हो.”

“मंग आता दार उघराचं ना?”

“हे दार वर आहे.”

“मंग जे खाली हाय ते उघर की रं!”

या युक्तिवादात त्याला खोट सापडली नाही. तो परत आला, धावत नव्हे, चालत. उकिडवा बसला, दोन्ही हातांनी बोल्ट ओढला, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा दार उघडलं. तो उंबऱ्यात उभा होता. मी आत पाऊल टाकणार एवढ्यात म्हणाला, “चप्पल बाहेर काढ.” मी चप्पल काढली, धावत जाऊन गॅस बंद केला, आणि पाठीमागून आवाज आला, “आजी, दार लाव. कबुतर येईल.” पुढचं दार उघडलं तेव्हा काकी पदराने डोळे पुसत होती. म्हणाली, “आजी, यो तुमचा पोऱ्या कलेक्टर व्हनार बगा. कुनाचंच ऐकनार नाय.” आजोबा बँकेतून आल्यावर त्यांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, “नियम कुणाचे?” आणि रात्रीपर्यंत मधूनमधून हसत राहिले.

तू नऊ वर्षांचा असताना ही गोष्ट मी तुला पहिल्यांदा सांगितली. तूही खूप हसलास, आणि मग विचारलंस, “आजी, नक्की मीच होतो का तो?” मी म्हणाले, हो, तूच. तू जरा विचार केलास आणि म्हणालास, “मला काहीच फील होत नाही.” तुझा दोष नाही. कुणालाच त्या वयातलं आठवत नाही. पण तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आम्ही दोघांनी ज्याला चौदा महिने सांभाळलं, तो कुठेतरी वाटेतच उतरून गेला.

तो गेला त्या दिवसाचं फार लिहीत नाही. तिकडचे कागद झाले, तारीख ठरली. मी मन घट्ट करून शेवटचे दोन महिने त्याला सगळं स्वतःचं स्वतः करायला आणखी शिकवत होते. तिकडे करायला कोण असणार होतं? मोठी गाडी बोलावली होती, सामान लादून झालं. तुमचे आईबाबा आत बसले. तोही स्वतः चढला, पोटावर लोळून, पाय झाडत, आणि सीटवर बसला. मग त्याने आपल्या शेजारची जागा तळहाताने थोपटली. “आजी इथे.” आजवर कुठेही जाताना तो मध्ये आणि मी त्याच्या उजव्या हाताला, असंच बसत आलो होतो. मी बाहेर उभी. त्याला निरोपाचं दुःख झालेलं नव्हतं, मांडणी चुकलेली दिसत होती. तो मोठ्याने सगळ्यांना सांगू लागला, “आजीची जागा रिकामी आहे! थांबा! आजी राहिली!” तुमची आई तोंड फिरवून बसली. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून आत वाकले आणि म्हणाले, “तू पुढे हो. मी आलेच.” चौदा महिन्यांत मी त्याच्याशी खोटं बोलले ते एवढंच. त्याला ते खरं वाटलं. त्याने मान हलवली आणि गाडी गेली. पुढे तुमच्या आईने फोनवर सांगितलं की तिकडे महिनाभर तो बसमध्ये उजव्या बाजूला कुणाला बसू देत नव्हता. विचारलं की सांगायचा, “आजी येते आहे.”

मी गेले, पण दोन वर्षांनी, छोटे, तुझ्या वेळी. दार पाच वर्षांच्या एका मुलाने उघडलं, हसून “हॅलो” म्हणाला आणि आईच्या मागे गेला. गोड मुलगा होता. मी त्याचे मुके घेतले. पण ज्याला “आलेच” म्हटलं होतं तो घरात नव्हता.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तुम्ही इकडे आलात, तेव्हा मी लबाडी केली. चार दिवस मी तुझ्यावर नुसतं लक्ष ठेवून होते. तू अकरा वर्षांचा, पाहुण्यासारखा घरात वावरत होतास, बाथरूम कुठे आहे ते विचारत होतास. चौथ्या दिवशी दुपारी उकाड्याने हैराण होऊन तू स्वयंपाकघरात आलास, माठातून स्टीलच्या भांड्यात पाणी घेतलंस, मान मागे टाकलीस, आणि ओठ न लावता वरून, एकसारख्या धारेने, सगळं पाणी प्यायलास. हनुवटीवर एक थेंब नाही. मी विचारलं, “हे कुणी शिकवलं तुला?” तू म्हणालास, “कुणीच नाही. मी असाच पितो. स्कूलमध्ये सगळे हसतात.”

हे मी शिकवलं होतं. तो जायच्या आधीच्या महिन्यात. एकोणीस दिवस नुसते प्रयत्नांत गेले. रोज सकाळी बाथरूममध्ये उघडा उभा राहून तो सराव करायचा. पाणी नाकात, डोळ्यांत, पोटावर, सगळीकडे जायचं, आणि मी भांडं नीट धरायला हात पुढे केला की ओरडायचा. विसाव्या दिवशी जमलं. त्या दिवशी आजोबा त्याच्यासाठी जिलबी घेऊन आले होते. मी तुला हे तेव्हा सांगितलं नाही. तेवढ्यात तू आलीस, छोटे, तुलाही तहान लागलेली. तू भांडं घेतलंस आणि तशीच, मान मागे टाकून, वरून प्यायलीस. मी म्हटलं, “आणि तुला?” तू म्हणालीस, “दादाने.”

त्याचा आवाज मला आता नीट आठवत नाही. बाकीचंही कमी कमी होत जाईल. ओठ न लावता पाणी पिणं तेवढं राहिलं आहे, आणि ते तुम्हा दोघांकडे आहे.